वीज कंपनीतली एक वर्षाची अप्रेंटिसशिप: करावी का? केलेल्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचं वाचलं नाही तरी चालेल. आयटीआय झालेल्या पोरानं किंवा पोरीनं वीज वितरण कंपनीत एक वर्ष अप्रेंटिस करावी का? करावी. पैशासाठी नाही, परमनंट होण्याच्या आशेवर तर अजिबात नाही, पण लाईनवरचं काम जीव सांभाळून कसं करायचं ते दुसरीकडं कुठंच धड शिकायला मिळत नाही, आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये तर नाहीच, म्हणून करावी. माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार. एक स्टार स्टायपेंडचा कापला.

माझा ट्रेड वायरमन, म्हणजे आपल्या सरकारी भाषेत तारतंत्री. कुठल्या कंपनीत आणि कुठल्या सबडिव्हिजनला केली ते लिहीत नाही, कारण काही गोष्टी कडक लिहिणार आहे आणि त्या एका ऑफिसपुरत्या नाहीतच. दोनचार वेगवेगळ्या ठिकाणी केलेल्या मित्रांशी बोलूनच हे लिहितोय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा सगळा मामला १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली चालतो. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे आणि घ्यायचे किती तर एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के. इलेक्ट्रिशियन आणि वायरमन दोन्ही ट्रेड आयटीआयला दोन वर्षांचे, ते झाल्यावर कंपनीत एक वर्ष, मग शेवटी परीक्षा आणि ती पास झालात की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र, ज्याला सगळे एनएसी म्हणतात. नोंदणी केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर. डिप्लोमा आणि डिग्रीवाल्यांचं पोर्टल वेगळं आहे, नॅट्स, तिथं आयटीआयवाल्यांनी उगाच अर्ज टाकत बसू नये. सरकारी वीज कंपन्यांमध्ये निवड बहुतेक वेळा दहावी आणि आयटीआयच्या मार्कांवर लागते, त्यामुळे आयटीआयचं दुसरं वर्ष ज्यांचं अजून चालू आहे त्यांनी आत्ताच मार्कांकडं बघा, नंतर हळहळून काही होत नाही.

आता पैसे. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार आयटीआय पास अप्रेंटिसला महिन्याला किमान ७००० रुपये. तालुक्याच्या गावात खोली करून राहायचं, मेस लावायची, सबस्टेशनपर्यंत रोज गाडीत पेट्रोल घालायचं आणि हे सगळं ७००० मध्ये, जमत नाही. घरून डबा घेऊन जाता येईल एवढ्या अंतरावरचं ऑफिस मिळालं तरच परवडतं, नाहीतर घरच्यांच्या खिशाला भार. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेनं स्टायपेंड ३६ टक्क्यांनी वाढवायची शिफारस केली होती, ती करायलाच पाहिजे होती, माझ्या मते ३६ टक्केसुद्धा कमीच आहेत कारण हे काम खांबावरचं आहे, एसीत बसून टायपिंग करायचं नाही. सुरुवातीला स्टायपेंड उशिरा येतो ही तक्रार जवळपास सगळ्यांची असते, त्याचं एक कारण आपल्याच हातात असतं ते म्हणजे बँक खातं आधारला लिंक आहे का ते जॉइन व्हायच्या आधी बघून घ्यायचं, बाकीची कारणं ऑफिसातली, तिथं फॉलोअप घेत राहायचा.

पैशाचं पुराण पुरे, शिकण्याचं सांगतो.

पहिले काही आठवडे आम्ही स्टोअरला. तिथं कंटाळा येतो असं पोरं म्हणतात पण मला वाटतं तीच जागा सगळ्यात जास्त शिकवते, फक्त डोळे उघडे पाहिजेत. आयटीआयला एसीएसआर कंडक्टर (स्टीलचा गाभा असलेली ॲल्युमिनियमची तार) एवढंच लिहून पाठ केलेलं असतं. इथं ड्रमवर पाटी दिसते स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग. सगळी प्राण्यांची नावं. वीझल म्हणजे २.५९ एमएमच्या सात तारा, त्यातल्या सहा ॲल्युमिनियमच्या आणि मधली एक स्टीलची, रॅबिटमध्ये तेवढ्याच तारा पण प्रत्येक ३.३५ ची. एकदा हातात घेऊन पिळून बघितल्या की मग खांबाखाली उभं राहून नुसतं बघून सांगता येतं ही कुठली तार आणि किती लोड घेईल. पिन इन्सुलेटर, डिस्क इन्सुलेटर, स्टे सेट, क्रॉस आर्म, डीओ फ्यूजचा (ड्रॉप आऊट, म्हणजे उडाला की खाली लोंबणारा) बॅरल, सगळं हाताळून घ्या. स्टोअरकीपर काकांशी नीट बोललात तर ते जुना फुटका माल पण दाखवतात, आणि चांगल्या मालापेक्षा फुटक्या मालात जास्त कळतं. पंक्चर झालेल्या पिन इन्सुलेटरवर केसाएवढी रेघ असते, जवळून बघितल्याशिवाय दिसत नाही, आणि पावसाळ्यात अख्खा फीडर (सबस्टेशनवरून निघणारी लाईन) त्या रेघेनं बंद पडतो.

नंतर लाईन स्टाफबरोबर. या अप्रेंटिसशिपची खरी क्वालिटी इथं ठरते, कारण तुम्ही कुठल्या लाईनमनच्या हाताखाली पडता त्यावर सगळं आहे. कंपनीचं नाव, साहेब कोण, ऑफिस शहरात की खेड्यात, हे सगळं त्याच्यापुढं दुय्यम.

मला मिळाले ते लाईनमन, सगळे त्यांना मामाच म्हणायचे. मामांचा नियम एकच, परमिटशिवाय खांबाला हात नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी परमिट म्हणजे काय ते नीट सांगतो कारण आयटीआयच्या पुस्तकात ते चार ओळींत उरकलेलं असतं. ११ केव्ही (११ हजार व्होल्ट) फीडरवर काम करायचं तर आधी सबस्टेशनच्या ऑपरेटरला सांगायचं, तो ब्रेकर उघडतो, ट्रॉली बाहेर ओढतो किंवा आयसोलेटर उघडतो, फीडर अर्थ करतो (जमिनीशी जोडतो), पॅनलवर ‘माणसं काम करत आहेत’ची पाटी लावतो, रजिस्टरला वेळ आणि कुणाला दिलं ते लिहितो आणि मग परमिट देतो. ज्याच्या नावावर परमिट आहे त्यानंच ते परत करायचं. दुसऱ्या कुणी फोन करून ‘काम झालं, टाका चार्ज’ म्हटलं तरी टाकायचं नाही. एकाच फीडरवर दोन गँग काम करत असतील तर दोन परमिट, एक परत आलं म्हणून लाईन चालू करायची नाही.

इथपर्यंत सगळीकडं थोडंफार शिकवतात. त्याच्या पुढचं मामांनी शिकवलं. सबस्टेशनवरून परमिट मिळालं, आम्ही डीपीजवळ (खांबांवरच्या ट्रान्सफॉर्मरजवळ) पोचलो, मी म्हटलं, मामा लाईन बंद आहे. मामा म्हणाले, “कोण म्हणतंय?” मी म्हटलं ऑपरेटर. “तो तिकडं लांब बसलाय. इथली तार काय म्हणते ते आधी बघ.” मग एबी स्विच (खांबावरचा, खालच्या हँडलनं उघडायचा स्विच) ओढला, हँडल पार खाली आलं, आणि मामांनी मला तिथंच उभं करून वर बघायला लावलं. तिन्ही ब्लेड एकेक करून बघ. दोन उघडले होते, तिसरा ब्लेड अर्धवट अडकलेला. हँडल खाली आलं म्हणजे स्विच उघडला असं नसतं ही एक गोष्ट मी जन्मभर विसरणार नाही, कारण गंजलेल्या एबी स्विचचा एक फेज चिकटून राहणं हे किती कॉमन आहे ते त्यानंतर मला ठिकठिकाणी दिसलं. तो ब्लेड सोडवला, हँडलला कुलूप लावलं, किल्ली मामांच्या खिशात.

मग डिस्चार्ज रॉड, म्हणजे तारेत उरलेला करंट जमिनीत सोडायची काठी. आधी रॉडच्या केबलचं टोक अर्थिंगला घट्ट आवळायचं आणि मगच हूक तारेला लावायचा. काढताना उलटं, आधी तारेवरचा हूक काढायचा आणि अर्थिंगचं टोक सगळ्यात शेवटी. तिन्ही फेजला लावायचा, एकाला नाही. बाजूनं दुसरी चालू लाईन समांतर जात असेल तर बंद तारेला रॉड टेकवला की ‘चट्’ असा बारीक आवाज येतो, कधीकधी ठिणगी पण दिसते. बंद केलेल्या लाईनवर इंडक्शननं बसलेलं व्होल्टेज असतं ते. पुस्तकात वाचलेलं इंडक्शन वेगळं आणि हा आवाज ऐकल्यावर समजलेलं इंडक्शन वेगळं. जिथं काम चालू आहे त्याच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचं हे पण मामांचं, कारण करंट कुठल्या बाजूनं येईल ते सांगता येत नाही.

कुठल्या बाजूनं येतो? ग्राहकाकडून. याला बॅक फीड म्हणतात आणि हे प्रत्येक अप्रेंटिसनं समजून घ्या. लाईट गेली की कुणीतरी मंगल कार्यालयवाला जनरेटर चालू करतो, चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) नसतोच, जनरेटरचा करंट एलटी (घरांकडं जाणाऱ्या कमी दाबाच्या) लाईनवर आणि तिथून ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटा जातो. ट्रान्सफॉर्मर ४३३ व्होल्टचं ११ केव्ही करणार की, त्याला काय माहीत कुठल्या बाजूनं आलं. म्हणजे सबस्टेशनला ब्रेकर उघडा, पाटी लावलेली, परमिट हातात, आणि तरी खांबावरच्या माणसाच्या हातातली तार ११ केव्हीची. घरच्या इन्व्हर्टरचं वायरिंग चुकलेलं असेल तर त्यातूनही हा धोका आहे. शेतात तर एका डीपीचा फेज गेला की दुसऱ्या डीपीवरून वायर ओढून मोटार चालवतात, तिथंही तेच. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाकडं जनरेटर असेल तर हात जोडून सांगतो, चेंजओव्हर बसवून घ्या.

हे सगळं शिकायला मिळालं म्हणून मी ४ स्टार देतोय. पण हेही खरं की सगळीकडं असे मामा नसतात. एका मित्राला (त्याचंही ऑफिस सांगत नाही) वर्षातले बरेच महिने टेबलावर बसवलं, बिलं लावायची, रजिस्टर उतरवायची, थकबाकीच्या याद्या घेऊन साहेबांबरोबर हिंडायचं. त्याला एनएसी मिळालं, माझ्यासारखंच. पण त्याला डीओ उडाला तर कुठल्या साइजची फ्यूज वायर घालायची ते आजही सांगता येत नाही आणि यात त्याचा दोष नाही, त्याला कुणी डीपीजवळ नेलंच नाही. दुसऱ्याची याच्या उलट गत, जॉइन झाल्यावर लगेच ‘चढ वर’. ना बेल्ट, ना हातमोजे, ना परमिट दिसलं. अशा ठिकाणी स्पष्ट नाही म्हणायचं. वाईट वाटेल त्यांना, वाटू दे. अप्रेंटिस हा कायद्यानं शिकाऊ आहे, कामगार नाही, कलम १८ मध्ये तसं लिहिलंय, म्हणजे माणसं कमी आहेत म्हणून त्याला एकट्याला खांबावर पाठवायचा कुणाला अधिकार नाही. ओव्हरटाइम पण अप्रेंटिसशिप ॲडव्हायजरच्या मंजुरीशिवाय करून घेता येत नाही, कलम १५. आणि ट्रेनिंगमध्ये इजा झाली तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकाची, कलम १६. ही तीन कलमं मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

पावसाळ्यातले दिवस सगळ्यात भारी. दमवतात पण भारी. मे महिन्यात सगळी मेंटेनन्स, फांद्या तोडा, जंपर (तारा एकमेकींना जोडणारे तुकडे) आवळा, तडकलेले इन्सुलेटर बदला, आणि तरी पहिल्या वळवाच्या पावसाला फीडर ट्रिप होणारच. मग फॉल्ट शोधायचा. मधला एबी स्विच उघडायचा, अर्धा फीडर चार्ज करून बघायचा, टिकला, ट्रिप झाला नाही तर फॉल्ट पुढच्या अर्ध्यात, ट्रिप झाला तर अलीकडं, असं करत करत दोन-तीन गाळ्यांवर (गाळा म्हणजे दोन खांबांमधलं अंतर) आणायचं आणि मग पायी पेट्रोलिंग. मामांबरोबर चिखलातून चालताना ते वर कमी आणि खाली जास्त बघायचे. खांबाच्या बुडाशी मेलेलं वटवाघूळ किंवा खार पडलेली असली की वर फॉल्ट असणारच. एकदा एका खांबाखाली काहीच नव्हतं पण क्रॉस आर्मवर रुपयाएवढा काळा डाग होता, पिन इन्सुलेटर पंक्चर, वीज पडून. खालून टॉर्च मारून मामांनी तो डाग हेरला तेव्हा मला खरंच वाटलं की या माणसाला कुठल्यातरी आयटीआयला नेऊन शिकवायला बसवलं पाहिजे.

न्यूट्रल तुटल्याची तक्रार पण तेव्हाच बघितली. एका आळीतल्या काही घरांत लाईट एकदम मंद आणि शेजारच्या घरांत बल्ब फुटले, टीव्ही जळले. थ्री फेज फोर वायर लाईनचा न्यूट्रल गेला की घरं दोन फेजच्या मध्ये सिरीजमध्ये येतात, ज्याच्याकडं लोड कमी त्याच्याकडं व्होल्टेज चढतं, २३० च्या जागी पार ४०० च्या आसपास. आयटीआयला याचं गणित सोडवलं होतं. आता ते गणित रडणाऱ्या माणसाच्या जळक्या टीव्हीपुढं उभं राहून समजलं.

ट्रान्सफॉर्मरचं एक सांगतो मग पुढं जातो. १०० केव्हीएच्या डीपीला एलटी साइडला फुल लोड करंट साधारण १३३ अँपिअर, ६३ केव्हीएला ८४. टाँग टेस्टर लावून प्रत्येक फेजचा करंट मोजायचा आणि ६३ च्या डीपीवर एका फेजला १२० दिसले की लगेच सांगता येतं की हा उन्हाळा काढणार नाही. किटकॅटमध्ये (फ्यूज वायर बसवायच्या पकडीत) फ्यूज वायरऐवजी ॲल्युमिनियमच्या तारेचे पीळ घातलेले दिसतात, ते बघितलं की मामांचा पारा चढायचा, कारण मग फॉल्ट आला तर वितळायला फ्यूज नाही, जळायला ट्रान्सफॉर्मर आहे. जळून आलेला ट्रान्सफॉर्मर मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या यंत्रानं) तपासायचा, एचटी (जास्त दाबाची बाजू) ते अर्थ, एलटी ते अर्थ, एचटी ते एलटी. सिलिका जेल निळं आहे की गुलाबी झालंय ते बघायचं, गुलाबी म्हणजे ओल पिऊन बसलंय.

आता नोकरी, कारण सगळ्यांचा खरा प्रश्न हाच असतो. कलम २२ प्रमाणे अप्रेंटिसला नोकरी द्यायचं बंधन मालकावर नाही. २०१४ च्या दुरुस्तीनं एवढंच झालं की आपल्याकडं शिकलेल्यांना कसं घ्यायचं याचं धोरण कंपनीनं स्वतः ठरवायचं. सुप्रीम कोर्टाचा १९९५ चा एक निकाल आहे, उत्तर प्रदेश एसटी महामंडळाच्या केसमधला, त्यात म्हटलंय की बाकी सगळं समान असेल तर ट्रेनिंग झालेल्या अप्रेंटिसला प्राधान्य द्यावं. बाकी सगळं समान असेल तर, हे शब्द लक्षात घ्या, म्हणजे आधी परीक्षेत मार्क पाडावेच लागतात. महावितरणचंच बघा, २०२३ च्या जाहिरातीत विद्युत सहाय्यकाच्या ५३४७ जागा होत्या, पहिल्या वर्षी मानधन १५०००, दुसऱ्या वर्षी १६०००, तिसऱ्या वर्षी १७०००, त्यानंतर तंत्रज्ञ. निवड ऑनलाइन परीक्षेतून. त्या परीक्षेत ट्रेडचे प्रश्न असतात आणि तिथं अप्रेंटिस मन लावून केलेल्याला फायदा होतो हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण ‘डीओ फ्यूज कुठं बसवतात’ याचं उत्तर त्याला आठवावं लागत नाही, त्याला ती जागा डोळ्यांपुढं दिसते. पण जाहिराती दरवर्षी येत नाहीत. मधल्या काळात बरेच जण ठेकेदाराकडं आऊटसोर्सवर लागतात, तिथं कामं तीच, धोका तोच, आणि हातात पडणारं कमी. कुणी जात असेल तर पीएफ कापतात का आणि विमा आहे का हे पहिल्याच दिवशी विचारा.

पोरींनी करावी का असं पण विचारतात. का नाही? बीडच्या उषा जगदाळेंचा खांबावर चढतानाचा व्हिडिओ २०२० मध्ये सगळ्यांनी बघितलाय, त्या महावितरणमध्येच आहेत. आमच्या बॅचमधली एक मुलगी मेगर आणि टेस्टिंगच्या कामात आम्हा सगळ्यांच्या पुढं होती. अडचण खांबाची नाही, अडचण बऱ्याच सबस्टेशनवर बायकांसाठी बाथरूम नसण्याची आहे आणि ती सोडवायला काही फार मोठं बजेट लागत नाही, कंपन्यांनी मनावर घ्यावं.

जॉइन होणाऱ्यांसाठी सामान: आठ इंची टपारियाची पकड स्वतःची घ्या, ऑफिसातली कधी हाताला लागत नाही. टेस्टर चांगला घ्या पण तो घरगुती व्होल्टेजपुरताच, ११ केव्हीच्या जवळ तो खिशातून बाहेरसुद्धा काढायचा नाही. बूट आयएसआय मार्कचे. एक जाड वही घ्या, रोज काय केलं ते खांब नंबरासकट लिहा, शेवटच्या परीक्षेला ती वही गाईडपेक्षा कामाला येते. पहिल्याच आठवड्यात साहेबांना विचारा की मला स्टोअर, लाईन, सबस्टेशन आणि मीटर टेस्टिंग यांत कुठं कुठं फिरवणार, आणि लाईनवर फिरवणार नसतील तर अर्ज लिहून द्या, तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. मित्राच्या केसमध्ये असा अर्ज कुणी लिहिलाच नव्हता.

आणि पोर्टलवर तुमचा करार खरंच मंजूर झालाय का ते स्वतः लॉगिन करून बघा. ऑफिसात सही घेतली म्हणजे झालं असं धरून चालू नका, करार पोर्टलवर चढला नसेल तर पुढं परीक्षेच्या वेळी यादीत नाव येत नाही. नाव दहावीच्या सनदेप्रमाणे, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे जुळते का तेही तेव्हाच तपासा, एनएसीवर चुकून छापलं तर दुरुस्तीला हेलपाटे मारावे लागतात.